घेवड्याचे दाणे

पोटाची चौकशी केल्याशिवाय माणसाला आपलं म्हणायचं नाही, असा आमच्या सासऱ्यांचा बाणाच होता. मी वाईहून कुंडलला मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना शिक्षण. म्हणाले, "पावणं, पाणी कुठलं पिता? आन् पोट कसं हाय?" मी गोंधळून "बरं आहे" म्हटलं आणि लग्न ठरलं.

फौजेत त्यांच्याकडे छावणीच्या पाण्याची देखरेख होती. गावी परतले तरी डोक्यातली छावणी काही उठली नाही. ओसरीवर त्यांनी चुन्याने अख्खं गाव रेखलं होतं; घरं, वाटा, विहिरी, सगळं. सासूबाईंनी सारवलं की पुन्हा रेखायचे. पावसाळ्यात गावभर फिरून कुणाला जुलाब लागलेत ते विचारायचे आणि ओसरीवर रेखलेल्या त्या घरावर घेवड्याचा एक दाणा ठेवायचे. एखादी कोंबडी ओसरीवर चढली की घरात लढाईच पेटायची. घेवड्याची उसळ मात्र आम्हाला दिवाळीपर्यंत बघायला मिळत नसे.

एका पावसाळ्यात मी कुंडलला असताना शेजारची लहानगी जुलाबांनी गेली. तिला माती देऊन ते आले, तिच्या घरावर दाणा ठेवला आणि तिथंच बसून राहिले. सगळे दाणे एकाच विहिरीभोवती जमले होते. ती त्यांचीच विहीर. बहात्तरच्या दुष्काळात आईच्या नावानं खोदून त्यांनी सगळ्या आळीला खुली केलेली.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"दुसऱ्याची इहीर असती, तर आसं म्हनला असता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाभळीच्या फांद्या ओढत आणल्या आणि विहिरीचं तोंड बंद केलं. घागरी घेऊन आलेल्या बायका म्हणाल्या, "आवं, आईची इहीर हाय न्हवं ती?"

"आईच्या हातनं लेकरं मरायची व्हय?" एवढंच बोलले आणि तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मग विहिरीच्या वरच्या अंगाचा, पाण्यात झिरपणारा उकिरडा हलला. विहीर उपसली, गाळ काढला, पावडर टाकली. पुढच्या पावसाळ्यात रोज सकाळी ते ओसरीवर धास्तावून बसत. पाऊस सरला तेव्हा सासूबाईंपुढे घेवड्याचा डबा ठेवून म्हणाले, "औंदा नवा दाणा पडला न्हाई. घाल शिजत." उसळीची पहिली वाटी शेजारी गेली.

त्या लहानगीच्या घरावरचा गेल्या सालचा दाणा मात्र त्यांनी उचलला नव्हता. आता ते नाहीत, चुन्याचं गावही पुसलं. सासूबाई सारवताना तो दाणा उचलतात आणि ओसरी वाळली की परत त्याच जागी ठेवतात.