मामीचा बिल्डर

मावळात हट्टी माणसांना तोटा नाही, पण स्वतःच्या दहा नखांपायी अख्खं गाव, पवनानगर रस्त्यावरचे जीपवाले आणि सख्खा नवरा वेठीला धरणारी बाई आजवर एकच झाली, आणि ती माझी मामी आहे. मामीचं घर बेडशाला, लेण्यांच्या खाली. घरची भातशेती, दोन म्हशी आणि दिवसभर पाण्यात हात. चिखल, शेण, राख आणि भांड्यांचा साबण यांत बुडालेली तिची नखं मी लहानपणापासून पाहत आलोय. म्हणजे पाहण्यासारखी ती फारशी नव्हतीच. जी होती त्यांचे पापुद्रे सुटलेले, आणि उरलीसुरली मामी दातांनी कुरतडायची. विचारात असली की करंगळी, काळजीत असली की अंगठा. घरात काय चाललंय हे मी तिला न विचारता तिच्या बोटांवरून ओळखायचो. शिवाय नख हा तिच्या लेखी अवयव नव्हता, ते अवजार होतं. लसूण नखानं, तेलाची पिशवी नखानं, डब्याचं घट्ट झाकण नखानं. माझ्या मोबाइलचा सिमचा कप्पासुद्धा एकदा तिनं नखानं उघडून दिला होता, आणि नख मोडल्यावर माझ्याकडेच रागानं पाहिलं होतं.

अशा बाईची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, पुण्याला जाऊन नेमकं नखांचं काम शिकून आली आणि लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानाला लागून असलेल्या चिंचोळ्या गाळ्यात टेबल, दिवा नि दोन खुर्च्या टाकून बसली. मी लोणावळ्यातच शाळेत शिकवतो, त्यामुळे येताजाता तिच्याकडे डोकावायचो. शनिवार-रविवारी पर्यटक बायकाही डोकावत, धरणाचा रस्ता विचारत आणि निघून जात. मामा पहिल्यापासून या धंद्याच्या विरोधात. "नखं रंगवायला गाळा लागतो व्हय? आमच्या आईनं जन्मभर मेंदी लावली, ती घराच्या ओट्यावर," असं त्यांचं म्हणणं. भात घरात येईपर्यंत गाळा चालला नाही तर तो सोडायचा आणि पोरीसाठी स्थळं बघायची, असा त्यांनी हुकूम काढला. मामीनं आठवडाभर अंगठा कुरतडला आणि एका सकाळी जीप पकडून ती गाळ्यात येऊन बसली. मी तिथंच होतो. दोन्ही पंजे टेबलावर पसरून ती म्हणाली, "घे. ह्या नखांवर टिकलं तर कुटंबी टिकंल."

बहिणीनं तिला बिल्डर जेल लावलं. आपल्याच नखावर या जेलचा जाडसर थर द्यायचा, तो दिव्याखाली कडक होतो, आणि त्याच्या आडोशाला आपलं नख न मोडता वाढतं. पण पथ्य मोठं. वाढत्या नखाच्या मुळाशी मोकळी जागा पडते, ती तीन आठवड्यांनी येऊन भरून घ्यायची. रोज मुळाशी तेल चोळायचं. भांडी घासताना हातमोजे. जेल ओरबाडून काढायचं नाही, नाहीतर नखाचे पापुद्रे सोबत निघतात. नखाचं अवजार करायचं नाही, आणि दात तर जवळही आणायचे नाहीत. मामीनं हे सगळं गुरुमंत्र घेतल्यासारखं ऐकलं आणि परतीच्या जीपमध्ये बसली.

घोटाळा त्या जीपमध्ये झाला. सगळं नीट आहे ना, हे विचारायला मी फोन केला. इंजिनाच्या आवाजात मामी ओरडून म्हणाली, "व्हय रं, बिल्डर जेल झालं. चांगला घट्ट बसलाय. आता तीन आठवडं हलत न्हाई." आता आमच्या मावळात बिल्डर म्हटल्यावर नख कुणाच्या डोक्यात येणार? त्याच महिन्यात एका बिल्डरनं गुरांच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं होतं आणि गाव त्याच्यावर खवळलेलं होतं. जीपमधल्या कुणीतरी लगेच गावात फोन लावला आणि मामी घरी पोचायच्या आत बातमी पोचली, की बिल्डरला तीन आठवड्यांची जेल झाली, आणि मामी डोळ्यांनी पाहून आली. कुणीतरी पेढे आणले. मामांनी दोन खाल्ले. मग मामी आली आणि तिनं कौतुकानं बोटं पुढं केली.

मामांची जी काही शोभा झाली ती विचारू नका. पुढचे कित्येक दिवस त्यांना पाहिलं की लोक विचारत, "काय भाऊ, बिल्डर सुटला का?" शेवटी चिडून ते म्हणाले, "भाताबिताचं ऱ्हाऊ दे, आत्ताच सोडा तो गाळा." मी तेव्हा जेवायला तिथंच होतो. मामीनं शांतपणे त्यांच्या पानात भाजी वाढली. "भातलावणीत माझं एक नख तुटलं तर गाळा सोडा. न्हाई तुटलं तर पोरीच्या लग्नाचा इषय ती काढंल तवाच निघंल." मामांनी लगेच कबूल केलं. मामीच्या नखांचा इतिहास त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

तिथून पुढं मामीनं जे आरंभलं त्याला संसार म्हणत नाहीत. कमरेला चमचा खोचलेला असे. झाकण, पिशवी, कडी, सगळं चमच्याच्या दांड्यानं उघडायचं. लसूण मामांकडे गेला. गोठ्यात गुलाबी हातमोजे आले, आणि म्हशीनं पहिले दोन दिवस दूध द्यायला नकार दिला. तेलाची छोटी बाटली पदराच्या गाठीत. जीपमध्ये, लग्नात, मयताच्या घरीसुद्धा मामी कोपऱ्यात बसून मुळाशी तेल चोळायची, आणि शेजारणीचा हात ओढून तिलाही चोळायची. ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं, तर तिथल्या बोटाला लावायच्या यंत्राला जेलमधून काही दिसेना. नर्स म्हणाली, नखावरचं काढावं लागेल. "कानाची पाळी घे, पायाचं बोट घे," मामी अंगात सणसणीत ताप असताना म्हणाली, "पन हाताचं लावणी झाल्याशिवाय मोकळं न्हाई." नर्सनं पायाचं बोट घेतलं.

लावणी आली. हातमोजे घालून रोप धरता येईना आणि तासाभरात त्यांत चिखल भरला, तेव्हा ते बांधावर फेकून मामी उघड्या हातानं उतरली आणि पेरांच्या जोरावर लावत राहिली, नख कशाला लागू न देता. दोन खाचरं झाली, तीन झाली. शेवटच्या खाचरात तिनं हात वर काढला, तर उजव्या अंगठ्याच्या जेलची कड सुटलेली. मी त्या दिवशी शाळेला सुट्टी म्हणून मदतीला, खरं तर चहाला, गेलो होतो. बायका थांबल्या. मामा बांधावरून म्हणाले, "तुटलं."

"तुटलं न्हाई. उचाललंय," मामी म्हणाली. "तुटनं येगळं, उचालनं येगळं." पण तिचा चेहरा उतरला होता, आणि अंगठा आपोआप तोंडाकडे निघाला होता.

तेव्हा मामा जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. "दात लावू नको," ते म्हणाले, "आन पान्यात उभी ऱ्हाऊ नको. खाली पानी ऱ्हायलं तर नख हिरवं पडतंय." इतके दिवस लसूण सोलता सोलता या माणसानं सगळं पथ्य पाठ केलं होतं. त्यांनी स्वतःच्या टॉवेलनं तिचा अंगठा कोरडा केला, त्यावर फडकं बांधलं आणि तिला मोटारसायकलवर बसवलं. मागून मी माझ्या गाडीवर. अंगठा भिजू नये म्हणून मामीनं तो छत्रीखाली उंच धरला होता, आणि समोरून येणारा प्रत्येक जीपवाला तिला आपलाही अंगठा दाखवून पुढं जात होता.

बहिणीनं फडकं सोडलं आणि कानशीनं सुटलेलं जेल हळूहळू घासून काढलं. गाळ्यात कानशीचा तेवढा आवाज होता. जेल संपलं आणि खालून मामीचं नख निघालं. सबंध, गुलाबी, कडेपर्यंत सरळ, एकही दात न लागलेलं. मामांनी चष्मा लावला, तिचा हात दारातल्या उजेडात नेला आणि भाताचा दाणा पारखावा तसा अंगठा फिरवून पाहिला. "हे तुझंच हाय व्हय?" त्यांनी विचारलं. मामीनं अंगठा स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला. "माझंच," ती म्हणाली. "मीबी आजच बघितलं." मग तिनं मुलीला सांगितलं, की नख नीट वाळू दे आणि पुन्हा लाव, शेवटचं खाचर व्हायचंय.

गाळा राहिला. लावणीला आलेल्या बायका आधी हसत आल्या, मग मुलींच्या लग्नांसाठी आल्या. गाळा इतका चालला, की बहिणीनं पुण्यात मोठी जागा घेतली आणि ती तिकडेच राहायला गेली. लग्नाचा विषय अजून कुणी काढलेला नाही. मामी मात्र दर तीन आठवड्यांनी कामशेतहून गाडी पकडून पुण्याला जाते. मी एकदा तिला म्हटलं, तुझी नखं आता जेलशिवायही राहतील, मुलगीच तसं म्हणते. मामी म्हणाली, "आरं, ती घरी आली तरी फोनवर असती. दुकानात बसले की तासभर माझा हात तिच्या हातात असतोय. दुसऱ्या कुटल्या कामाला ती येवढा येळ हात धरंल?"

परवा ती मला कामशेतच्या फलाटावर भेटली. चांगलं लुगडं, पिशवीत मुलीसाठी इंद्रायणी तांदूळ. तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बरं," मामी म्हणाली, "फुडल्या आठवड्यात तर फुडल्या आठवड्यात. तू जेवत जा येळेवर." तिनं फोन पिशवीत टाकला आणि तांदूळ काढून माझ्या हातात दिला, तूच ने म्हणाली. पुण्याची गाडी आली आणि गेली. मामी बाकावर बसून राहिली, आणि तिचा अंगठा ओठांपर्यंत गेला. तिथं थोडा थांबला. मग तिनं पदराची गाठ सोडून तेलाची बाटली काढली आणि नखाच्या मुळाशी सावकाश तेल चोळू लागली.