साडूंची पिवळी पाटी

सँडविचवर जीव ओवाळून टाकणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. ज्या मुलखात शेवभाजीवर वरून आणखी तिखट मागून घेतात, तिथे या गृहस्थांनी काकडी, बीट आणि हिरव्या चटणीपुढे लोटांगण घातलं होतं. ऐंशीच्या दशकात जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे अशा गावांत एकाच मालकाची सँडविचची दुकानं निघाली होती. त्यांचं नाव काय होतं ते कुणी धड वाचलं नाही. पाटी पिवळी, म्हणून दुकानालाही सगळे ‘पिवळी पाटी’च म्हणत. संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा नसे, हे आता सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं.

साडू धुळ्यातल्या देवपूरला राहत आणि पाटबंधारे खात्यात कारकून होते. कालव्याच्या पाण्याबद्दल त्यांना काही मत नव्हतं, चटणीतल्या पाण्याबद्दल मात्र ठाम मत होतं. धुळ्याची चटणी पातळ, जळगावची घट्ट आणि भुसावळवाले बटाट्यात हात आखडतात, हा त्यांचा निवाडा. एकदा हिवाळ्यात मी त्यांना यावलला मित्राच्या केळीच्या बागेत भरीत खायला नेलं. यजमान पहाटेपासून वांगी भाजत होता. साडूंनी एक घास खाल्ला आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, “चांगलं शे भो, पण दोन बिटाच्या चकत्या पाहिजे व्हत्यात.” मित्राने त्यानंतर मला बागेत बोलावलं नाही.

सगळ्यात मोठा हट्ट पार्सलचा. घरी सँडविच आणलेलं त्यांना खपत नसे. मी एकदा कौतुकाने बांधून नेलं, तर “घरात आणलेलं सँडविच मरतं” म्हणून त्यांनी ते शेजारच्या पोरांना वाटून टाकलं. स्वतः मात्र दर शनिवारी अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, पिवळ्या पाटीवर नेत आणि फॅमिली रूममध्ये पडदा ओढून बसत. या वयात पडदा कसला ओढतात, म्हणून आम्ही सगळे त्यांची टर उडवत असू.

एका शनिवारी आम्ही नवराबायको धुळ्याला गेलो असताना त्यांनी आम्हालाही त्या पडद्याआड नेलं. अक्का नवऱ्यासमोर बसून जेवत होत्या. चटणी बोटाला लागली म्हणून हसल्या, दुसरं सँडविच त्यांनी आपणहून मागितलं. मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत अक्कांना जेवताना मी पाहिलंच नव्हतं! त्यांच्या घरी आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि सगळ्यांचं आवरल्यावर उरलंसुरलं घेऊन सून स्वयंपाकघरात एकटी. बाहेर आल्यावर साडू हळूच म्हणाले, “घरमा ती मन्हासमोर जेवत नही. आठे जेवस. पार्सल लई गऊ तर ते बी मांगे चुल्हाजवळ एकटीच खाई.” साहेबाशी भांडणारा हा माणूस आईपुढे मांजर होता. बायकोला माझ्यासोबत जेवू दे, हे आईला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने सँडविचचं वेड घेतलं होतं. त्या दिवसापासून माझी थट्टा थांबली.

पुढे मालकाच्या भावांत वाटण्या झाल्या आणि दुकानं एकेक करून मिटली. धुळ्याच्या गाळ्यात टायर आले. जळगावचं तेवढं उरलं, तेव्हा साडूंनी अक्कांच्या धडधाकट दाढा दुखवायला सुरुवात केली. दर महिन्याला जळगावच्या डॉक्टरचं निमित्त! “धुळामा बठ्ठा डाक्टर मरी गयात का?” असं साडूंची म्हातारी आई विचारी आणि ही दोघं एसटीत जाऊन बसत.

एका शनिवारी ती दोघं जळगावच्या आमच्या घरी आली. दुकानाचं शटर पाडलेलं होतं आणि वर पाटीही नव्हती. साडू खुर्चीत बसले. बायको म्हणाली, “अक्का, पाव आणते, इथेच करू सँडविच.” अक्का पदर खोचत आत गेल्या. “कर. आधी त्यांना वाढ, आपण मागून बसू.” साडूंनी ते ऐकलं. सँडविच न खाताच ते परतीच्या गाडीची वेळ विचारू लागले.

काही वर्षांनी म्हातारी गेली. आता अडवणारं कुणी नव्हतं. साडूंनी बाहेरच्या खोलीत दोन ताटं शेजारी मांडली. अक्का बसल्या, एक घास घेतला आणि तो त्यांना गिळवेना. “तुम्ही जेवी ल्या, मी मांगेतीन जेवसू,” म्हणून उठल्या. रोज असंच होऊ लागलं. सवयीने माणसाचा घास असा अडतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

परवा देवपूरला गेलो तर साडू स्वयंपाकघरात जमिनीवर ताट घेऊन बसलेले. अक्का त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. साडूंनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडली आणि हात लांब करून मागूनच त्यांच्या ताटात ठेवली. अक्कांनी वळून पाहिलं नाही. जरा वेळाने त्यांनी ती भाकरी उचलली आणि खाल्ली.