उदाच्या वासाचे लंगोट

रियाधच्या उन्हात कपडे वाळत नाहीत, भाजून निघतात. अल मलाझमधल्या आमच्या गच्चीवर ओला लंगोट टाकावा, खाली येऊन चहा ठेवावा, आणि चहाला उकळी येईपर्यंत वर लंगोटाचा पापड! वाकवला तर कडकन वाजायचा.

हे लंगोट साधेसुधे नव्हते. आमची ओवी झाली तेव्हा माझ्या सासूबाई कराडहून आल्या, त्या अर्धी बॅग लंगोटांनी भरूनच. स्वतःच्या जुन्या सुती साड्या फाडून, दुपारच्या दुपार शिलाई मशीनवर बसून शिवलेले. विमानतळावर कस्टमच्या माणसाने त्यातला एक उचलून उजेडात धरला, तेव्हा आईंनी (सासूबाईंना मी आई म्हणतो) हातांनी पाळणा हलवून दाखवला. तो हसला. म्हणाला, "यल्ला, यल्ला!" सौदी सरकारने लंगोट पास केले. अडले ते जावयाच्या घरी!

झालं असं, की त्या पापडांमुळे मला ओवीची दया आली. एवढंसं कोवळं अंग आणि त्याला हा पत्रा! कपडे धुण्याचं मशीन लावायचं काम माझ्याकडे होतं. मी कोणाला न सांगता कपडे मऊ करणारं सॉफ्टनर आणलं. तेसुद्धा उदाच्या वासाचं, इथल्या थाटाला शोभेलसं. झाकणभर घालायचं असतं म्हणे. मी बदाबदा ओतलं. (लेकीवरचं प्रेम काय झाकणाने मोजायचं?)

लंगोट लोण्यासारखे झाले. सगळ्या घराला अत्तराच्या दुकानाची कळा आली.

"इथलं पाणी चांगलं दिसतंय हो," आई लंगोट गालाला लावत म्हणाल्या.

मी गालातल्या गालात हसलो आणि श्रेय पाण्याला देऊन टाकलं. एवढा विनय मी आयुष्यात एकदाच दाखवला आणि नेमका तोच नडला!

कारण त्याच आठवड्यात गळती सुरू झाली. ओवीने शू केली की लंगोट जवळजवळ कोरडा, आणि बाकी सगळं ओलं. गादी ओली, सोफा ओला, मी ओला.

"आई, नीट बांधला होतात ना?"

"तीन पोरं वाढवली मी ह्यात, जावईबापू."

"दोन-दोन लावून बघू या," माझी बायको स्नेहल म्हणाली.

दोनाचे तीन झाले. ओवी आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानासारखी दिसू लागली, पण गळायची ती गळायचीच!

अशात आमचे साहेब, अबू फहद, बाळ बघायला आले. पांढराशुभ्र पायघोळ थोब, त्याला कडक इस्त्री. "माशाल्ला!" म्हणत त्यांनी ओवीला मांडीवर घेतलं, हुंगलं आणि कौतुकाने भुवया उंचावल्या. "उद?"

"येस सर!" मी फुललो.

पुढच्याच क्षणी त्या थोबवर एक नकाशा उमटला आणि बघता बघता त्याच्या सीमा गुडघ्यापर्यंत गेल्या. साहेब खदाखदा हसले. मीही हसलो (पगारवाढ जवळ आली होती). आई मात्र हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग पुरळ आलं. लालभडक. पोर रडून रडून निळी व्हायला लागली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "साबुन बदला क्या?"

"बिलकुल नहीं!" मी छातीठोकपणे सांगितलं. (सॉफ्टनर म्हणजे साबण नव्हे!)

"तो फिर कपड़ा देखिए."

घरी येऊन मी निकाल दिला. "आई, राग मानू नका, पण शेवटी जुन्या साड्या त्या. कापडातच दोष असणार."

"अरे, काय बोलतोस!" स्नेहल ओरडली.

आई घड्या घातलेल्या लंगोटांवरून हात फिरवत राहिल्या. "असेल हो. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय!" म्हणाल्या, आणि एकेक लंगोट परत बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघाल? घरी कुंड्यांना पाणी घालायला कोणी नाही."

एरवी आठवडाभर लोळणारं काम मी त्या दिवशी तिथल्या तिथे केलं! स्वस्तातलं तिकीट, पुन्हा न बदलणारं. लॅपटॉप मिटण्याआधी विजयाचा घोट घ्यायला गेलो आणि चहा कलंडला. खुर्चीवर एक लंगोट बॅगेत जायचा राहिला होता, तो पटकन चहावर टाकला.

चहा त्यात शिरेना! अळूच्या पानावरून पाणी निघावं तसा तो डुलत डुलत निघाला आणि सरळ कीबोर्डात गेला.

मी सॉफ्टनरची बाटली घेऊन दोघींसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. स्नेहलने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दोन नजरांत फारसा फरक नव्हता. आईंनी लंगोटावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला.

"अगंबाई! म्हणजे पोरीला आपण मेणकापडात गुंडाळत होतो की!"

'आपण' म्हणाल्या. 'तुम्ही' म्हणाल्या असत्या, तर परवडलं असतं.

लंगोट नुसत्या पाण्यात पुन्हापुन्हा उकळले. पाणी शोषू लागले. पुरळ ओसरलं. ओवी कोरड्या गादीवर आजीकडे बघून हसायला लागली, आणि नेमक्या त्याच दिवशी आजीचं विमान होतं. तिकीट काही केल्या बदललं नाही. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तर त्याच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. मऊ करायलाच गेला होतात ना?"

परवा फोनवर विचारलं, "ओवीची आठवण येते का, आई?"

"येते हो. त्यातला एक लंगोट बॅगेत राहिलाय, उकळायचा चुकलेला. तो उशाशी घेऊन झोपते. पोरीचा वास येईल म्हणून."

मला भरून आलं. "मग? येतो?"

"कुठला! नाकाला लावला की डोळ्यांपुढे तुम्हीच उभे राहता!"