दोन कागदांएवढी सूज

देवळीत एका घराची भिंत बाबांनी अर्धी उतरवायला लावली. जोडीदार गवंडी ओळंबा धरून सांगत होता, सरळ आहे. बाबा डावा डोळा मिटून पाहत आणि म्हणत, मधे पोट आलंय. चाळीस वर्षांच्या नजरेपुढे ओळंबा खोटा ठरला.

संध्याकाळी घरी त्यांनी दाराची चौकट एकेका डोळ्यानं पाहिली. मग मला म्हणाले, "बाई, उजव्यानं वाकडी दिसते, डाव्यानं सरळ. चूक भिंतीची नाई, माही हाय."

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, तीही विज्ञानाची. डोळ्याची आकृती मी परीक्षेत नावांसकट काढली होती. पण बाबांच्या डोळ्यातल्या जिवंत पडद्याचा फोटो वर्ध्याच्या दवाखान्यात पहिल्यांदाच पाहिला. केशरी पडद्यावर बारीक शिरा, आणि एका शिरेपाशी रक्ताचे फराटे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं : बीपीनं धमनी कडक होते, जिथे ती शिरेवरून जाते तिथे शिरेला दाबते. रक्त तुंबतं, पाणी झिरपतं, पडद्याचा मधला भाग सुजतो. म्हणून सरळ रेघ वाकडी. बीपीची गोळी बाबांनी बरं वाटतं म्हणून कधीच सोडली होती. मला पत्ता नव्हता.

उपाय डोळ्यात इंजेक्शन, तेही पुन्हा पुन्हा. शीर मोकळी होईलच असं नाही, पण झिरपणं थांबेल. नजर किती परत येईल, सांगता येत नाही. बाबांनी एवढंच विचारलं, "थापी धरता येईन का?"

"पाहू," त्या म्हणाल्या.

इंजेक्शनाच्या वेळी मला आत जाऊ दिलं नाही. बाहेर आले ते डोळ्यावर पट्टी लावून, आणि मलाच म्हणाले, "तू काऊन रडून राह्यली? सुई तं मले टोचली."

तीन इंजेक्शनांनंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्याचा आडवा छेद दाखवणारे आधीचे आणि आताचे फोटो शेजारी लावले. आधी पडद्यावर टेकडी होती, आता जवळजवळ सपाट. सुजेची खरी जाडी विचारली तर दोन कागदांएवढी. एवढ्याशा सुजेनं अर्धी भिंत उतरवली होती, आणि औषधाच्या एवढ्याशा थेंबानं ती सूज ओसरली.

मग बाईंनी चौकटीचौकटींचा कागद धरला. सगळ्या रेघा सरळ म्हटल्या असत्या तर बाबा उद्याच कामावर गेले असते. त्यांनी डावा डोळा मिटून पाहिलं.

"बाकीच्या बसल्या," ते म्हणाले. "मधातल्या दोन अजून हालतात."

आणि कोणी सांगायच्या आत, पुढच्या इंजेक्शनाआधी डोळ्यात थेंब टाकतात त्या बाकावर जाऊन बसले.