पाऱ्याची वाफ आणि बंद खिडकी

"ताई, यांच्या लघवीत पारा सापडलाय," धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. "तो कुठून आला हे कळल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. इथे काढू, घरी पुन्हा आत जाईल. काम काय करतात?"

"सोन्याचं," हे खाली बघत एवढंच म्हणाले. मला लाज वाटत होती, पण शेवटी मीच सगळं सांगितलं.

माझे यजमान जळगावात दागिने घडवतात. घडवताना उडालेले सोन्याचे कण दुकानाच्या झाडलोटीत, म्हणजे केरात जातात. ती धुऊन पाऱ्यानं सोनं गोळा करायचं, मग तो गोळा तापवून पारा उडवायचा. कोरोनाआधी हे दुकानामागच्या उघड्या बोळात चाले. तेव्हाही यांच्या हिरड्या दुखायच्या. आम्ही तंबाखूला दोष दिला.

लॉकडाऊनमध्ये झाडलोट घरी आणली आणि शेगडी स्वयंपाकघरात पेटली. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडकी मीच लावायचे. तोंडाला कापडी मास्क होता. साथीला चालतो, तर याला का नाही चालणार? पण पाऱ्याची वाफ दिसत नाही, कापडातून आत जाते, आणि निवल्यावर धुळीत, भांड्यांवर बसते.

आधी यांना खोकला आला. तपासणीत कोरोना निघाला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. मग झोप उडाली, चिडचिड वाढली. मग ट्रेमर, म्हणजे हातांची थरथर सुरू झाली. यांना मणी ओवता येईना.

शेजारच्या अक्का धरणगावच्या, अहिराणी बोलणाऱ्या. जिन्यात म्हणाल्या, "काय वं, भाऊले लॉकडाऊनमा बी दारू भेटी ऱ्हायनी का?"

मी हसून घेतलं. दारू वाटली तर वाटू दे, शेगडीचं कळायला नको! जळगावच्या डॉक्टरांनाही मी 'अशक्तपणा' एवढंच सांगत राहिले. त्यात किती दिवस वाया गेले, ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

शेवटी धुळ्याला गेलो. तिथे कीलेशन झालं, म्हणजे शरीरातला पारा बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध दिलं. माझ्यातही थोडा पारा निघाला. तुमच्या घरी असं काम होत असेल तर आधी ते थांबवा आणि डॉक्टरांना धंदा स्पष्ट सांगा. अशा घरात झाडू मारू नका, पारा हवेत उडतो. घर कसं साफ करायचं तेही डॉक्टरांनाच विचारा.

घरी आल्यावर अक्का भेटायला आल्या. "आते कसं शे भाऊले?"

"दारू नव्हती, अक्का. पारा होता. घरात जाळत होतो. खिडकी मीच बंद करायचे."

अक्कांचा चेहरा उतरला. "मना भाचा बी हाई काम घरमाच करस वं. घरमा लहान पोर शे त्याना."

"फोन लावा, मी बोलते."

पलंगावरून यांनी थरथरता हात पुढे केला. हाच हात हे महिनोन् महिने खिशात लपवत होते.

"द्या इकडे," हे म्हणाले. "मी सांगतो त्याला."