भोंग्यानंतरचा चेंडू

…तर ते कलिंगड मिलिसावने परत गाडीवर ठेवलं. काल इथवरच आलो होतो ना आपण? विकणारा म्हणाला, "आजोबा, मधासारखं गोड आहे." मिलिसाव म्हणाला, "न कापता तुला कसं कळलं?" झालं! बाजार हसून हसून लोळला आणि हा रिकाम्या हाताने घरी. मोराव्हा नदीकाठच्या आमच्या गावात असा माणूस दुसरा नाही.

पण त्याला नावं ठेवू नका. उभा जन्म त्याने कारखान्यात बोल्ट तपासण्यात घालवला. संशय हीच त्याची भाकरी. निवृत्त झाला आणि तपासायला काही उरलं नाही, म्हणून तो बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, बास्केटच्या बरोब्बर मागे, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसू लागला. शेजारी मी. मला खेळ बघायचा असे, त्याला लबाडी.

आता नशीब बघा. आमच्या संघातला सगळ्यात गुणी खेळाडू स्त्राहिन्या, हा याचाच धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला मिलिसावनेच त्याला हातांवर धरलेलं. आमच्यात अशा माणसाला कूम म्हणतात, आणि कूमचा मान सख्ख्या काकापेक्षा वरचा. कूमने पोराच्या पाठीशी डोळे झाकून उभं राहायचं असतं. पाठीशी उभं राहणं मिलिसावला जमे. डोळे झाकणं काही जमेना.

त्या हिवाळ्यात अमेरिकेतून एक पाहुणा आला, तिथल्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडू पारखणारा. सोबत दुभाषी. त्याची पारख अशी, की पोरगा गुण किती करतो एवढंच बघायचं नाही, तेवढ्या गुणांसाठी चेंडू किती वाया घालवतो तेही बघायचं. आणि स्त्राहिन्याचा चेंडू वाया जातच नव्हता! आमच्या लीगमध्ये दाढीवाले बाप्ये कोपरं मारत खेळतात, त्यांच्यात या कोवळ्या पोराचा, फेकलेल्यातले किती आत गेले याचा, असा टक्का. पाहुणा खूश, गाव खूश. पोराची आई देसांका तर रस्त्यात बायकांना थांबवून टक्केवारी ऐकवायची.

मिलिसावने बीचं टरफल थुंकलं. "फार गोड आहे हे गणित."

"झालं का तुझं कलिंगड सुरू?"

"अरे, पण न कापता?"

आधी त्याने रिंगवर संशय घेतला. रिंग ढिली असली की आपटलेला चेंडू तिथेच मरतो आणि आत घसरतो, हे खरंच आहे. शिडी लावून म्हातारा वर चढला आणि दोन्हीकडच्या रिंगा गदागदा हलवून आला. पक्क्या होत्या. मग गुण मांडणाऱ्यांची पाळी. त्यांच्या मानेवर श्वास सोडत उभा राहिला, शेवटी त्यातला एक म्हणाला, "काका, निदान लसूण तरी खाऊन येऊ नका." त्यांचंही काम चोख निघालं. मला वाटलं, चला, सुटलो.

मग एका सामन्यात क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव हिस्सा, संपता संपता स्त्राहिन्याच्या हाती चेंडू आला, पार आपल्याच बास्केटखाली. हॉल ओरडला, "फेक!" पोराने घड्याळाकडे पाहिलं, एक टप्पा जास्तीचा दिला, भोंगा वाजला, आणि मग फेकला. तो गेला की थेट पलीकडच्या बास्केटात! भोंग्यानंतरचा चेंडू मोजत नाहीत, तरी लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

मिलिसाव हललासुद्धा नाही. "दर वेळी असंच करतो तो," म्हणाला.

"काय करतो?"

"भोंग्याआधी फेकला आणि चुकला, तर टक्का घसरतो. भोंग्यानंतर चुकला, तर कुणाच्या बापाचं काय जातंय? याचा टक्का शाबूत, संघाची संधी गेली."

मी टाळ्या थांबवल्या.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी देसांकाने पाहुण्याला जेवायला बोलावलं. कोबीच्या पानांतली सरमा, भाजलेलं कोकरू, घरी गाळलेली राकिया दारू. हात पुसता पुसता पाहुण्याने दुभाष्याकरवी विचारलं, "कूमचं काय मत आहे?" देसांकाने टेबलाखालून अशी लाथ हाणली की ती मला लागली.

मिलिसावने त्यालाच विचारलं, "तुम्ही चुकलेले चेंडू मोजता. न फेकलेले मोजता का?"

दुभाषी अडखळला. स्त्राहिन्याचे कान लालभडक. पाहुणा नुसता हसला. आता हसला म्हणजे हो की नाही?

"कूम!" देसांका कडाडली. "माझी सरमा खाऊन माझ्याच पोराच्या पायावर धोंडा घालता?"

"सरमा बरी झालीय," मिलिसाव म्हणाला. "मीठ तपासलं मी."

हॉलकडे जाताना पोराने त्याला गाठलं. "कूम, आज टक्का पडला तर हा माणूस मला नेणार नाही. मग मी इथेच सडेन."

"आणि गेलास, तर तिथला भोंगा तुझ्या सोयीने वाजणार आहे होय रे?"

पोरगा झपाझप पुढे गेला.

पहिला क्वार्टर संपत आला आणि चेंडू पुन्हा त्याच्याच हाती, तिथेच, दूर. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मिलिसावच्या हातातली बी तशीच राहिली. पोराने भोंग्याआधी फेकला! चेंडू बोर्डाला वळसा घालून कॉफीवालीच्या कपांत. मध्यंतराआधी पुन्हा तेच, या वेळी तर चेंडू कशालाच लागला नाही. देसांकाने तोंडावर रुमाल ओढला. टक्का पडला, गाव हळहळलं, सामना मात्र आम्ही कसाबसा जिंकलो.

पाहुणा खाली उतरला तो सरळ मिलिसावकडे. दुभाषी म्हणाला, "हे म्हणतात, ती चलाखी यांना पहिल्याच सामन्यात दिसली होती. म्हणूनच पुन्हा पुन्हा येत होते. आज टक्का पडला तरी पोराने भोंग्याआधीच फेकला, आणि यांची शंका फिटली. उन्हाळ्यात पोराला बोलावतायत."

देसांका त्याच मिलिसावच्या गळ्यात पडून रडली.

पोरगा निघाला त्या सकाळी सगळी गल्ली दारात. निघणाऱ्याच्या मागे पाणी ओततात आमच्यात, वाट पाण्यासारखी सरळ वाहावी म्हणून. तो मान कूमचा. मिलिसावने तांब्यातलं पाणी आधी हुंगलं, मगच गाडीमागे ओतलं. गाडी वळणाआड गेली. मी म्हणालो, "आता तरी पटलं ना? परका माणूस आपणहून हो म्हणाला."

त्याने रिकाम्या तांब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आपलं पोरगं चुकलं म्हणून हा गडी इतक्या लांबून येऊन खूश झाला? मला काही हे बरोबर दिसत नाही. पोराला फोन लाव आणि सांग, तिथे पोचलास की आधी रिंग हलवून बघ."