फी न घेणाऱ्या बाईंचा कोंबडा

आता काय सांगायचं ते सांगतेच, पण हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मधे हसलात तर पुढचं सांगायचा मला धीर होणार नाही. अख्ख्या महाडात मला मान देणारी जी काही माणसं होती, त्यातली निम्मी मी एका कोंबड्यापायी घालवली. उरलेली निम्मी आज इथे चहाला बसली आहेत!

तर मी इंग्रजीची बाई. उभा जन्म शाळेत पोरांना इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, आणि एक नवाच उद्योग मागे लागला. हल्ली मोठमोठ्या विद्यापीठांत नुसते मार्क चालत नाहीत. निबंध लागतो! तुम्ही कोण, कुठून आलात, काय सोसलंत, हे सगळं इंग्रजीत रडून दाखवायचं. आता पोलादपूरच्या डोंगरातल्या पोरांनी सोसलेलं असतं भरपूर, पण ते इंग्रजीत कुठे सोसलेलं असतं? मग ती येतात माझ्याकडे.

पुण्यामुंबईत म्हणे असे निबंध लिहून द्यायचे बक्कळ पैसे घेतात. मी छदामही घेत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याच्या पोराचा निबंध लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी, असं मी चारचौघांत ठणकावून सांगते.

"आणि फुकट लिहिणं?" आमचे हे विचारतात. एसटीत कंडक्टर होते. सुटे पैसे जपायची सवय आता सुट्या प्रश्नांवर आली आहे.

"ते विद्यादान."

"आणि हा दारातला फणस?"

"ती माया."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात कुणी 'ही घ्या तुमची फी' असं म्हणत नाही. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून देणारा काहीतरी निमित्त सांगतो. 'बाई, यंदा तांदूळ जास्त झालं, घरात उंदीर खातील, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.' 'बाई, फणस झाडावर सडतायत.' 'बाई, कुळीथ पेरलं खरं, पण आमच्यात कोण खात नाय.' अहो, कोकणात कुळीथ न खाणारं घर दाखवा मला! पण आपण समजून घ्यायचं. 'अरे कशाला, कशाला' असं दोनदा म्हणायचं आणि तिसऱ्यांदा पिशवी आत न्यायची.

तर थंडी सरता सरता एक दिवस बबन आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. सोबत त्याची लेक सायली, बारावीला असलेली, हुशार, बोलायला कंजूष. आणि काखेत एक लाल गावठी कोंबडा! काय कोंबडा होता म्हणून सांगू! तुरा असा, की नवरदेवानं फेटा बांधलाय.

सायलीला बंगळुरूकडच्या एका विद्यापीठात जायचं होतं. शिकणं, राहणं, जेवणखाण सगळं फुकट, पण निवड झाली तर. आणि निवड निबंध वाचून आणि मग मुलाखत घेऊन. नाही झाली, तर पनवेलला मामाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, हे घरात ठरून गेलेलं. दुकानाचं नाव निघालं की पोरगी जमिनीकडे बघायची.

"बाई, येवढं लिवून द्या," बबन म्हणाला, "आणि ह्यो कोंबडा तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. वाडीवर रानमांजर सुटलंय. रोज एक उचलतंय बगा."

मी मनात म्हटलं, वा रे बबन! उंदीर ऐकले, सडणारे फणस ऐकले, रानमांजर मात्र पहिल्यांदाच ऐकलं!

"अरे कशाला, कशाला," मी म्हटलं.

"नाय बाई, तुमचं परसातलं खुराडं मजबूत हाय. निकाल लागंपरेंत ऱ्हाऊ दे."

"कशाला रे!" हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कोंबडा खुराड्यात.

'निकाल लागेपर्यंत' हे तुम्हाला ऐकू आलं, मग बाईंना नाही का आलं? आलं हो! मला वाटलं, काय नम्र माणूस आहे. निकालानंतर कोंबडीही आणून देणार!

मग आम्ही निबंधाला बसलो. विषय होता, 'योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरवताना तुमची ओढाताण झाली, असा प्रसंग लिहा.'

"तुझी झाली आहे का गो ओढाताण?"

"नाय बाई. अजून तरी नाय."

"मग करूया!"

आणि मी केली. सावित्रीला पूर आलाय. सायली पोहत पोहत परीक्षेला निघालीय. मधेच एक वासरू वाहत येतंय. परीक्षा की वासरू? लिहिताना माझेच डोळे भरून आले.

"बाई, मला पोहता येत नाय."

"निबंधात येतं."

"आणि सावित्री आमच्या शाळेच्या वाटेत नाय."

"मग वाट वळव!"

मला जोर चढला होता. मी म्हटलं, ह्यात दरड पण घालू. डोंगर खाली येतो आणि तू धावत...

सायलीनं मान वर केली. "बाई, ते तळीयेला झालं. माझी मैत्रीण हाय तिथली. तिचं दुःख मी माझं म्हणून कसं लिवू?"

मला लाज वाटली. खरंच वाटली. दरड काढली. वासरू मात्र ठेवलं.

त्या रविवारी आम्ही कोंबडा कापला. वडे तळले, खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. खुराड्याचं दार उघडताना हे म्हणाले, "तो रानमांजराचं काय म्हणत होता गं?"

"ती रीत असते. तुम्हाला नाही कळायचं."

ह्यांना नाही कळलं, पण चार वडे जास्त गेले.

दुसऱ्या दिवशी सायली निबंध न्यायला आली. मी म्हटलं, "बस गो, रस्सा उरलाय, दोन घास खाऊन जा." ती परसाकडे बघत उभी राहिली. तिथे लाल पिसं पडली होती. मग हळूच म्हणाली, "नको बाई. माझा सोमवार हाय."

ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, काय गुणी पोर! हल्ली कोण पाळतं हो सोमवार?

मुलाखत झाली, निकाल लागला, आणि सायलीची निवड झाली! मग मला कोण आवरणार? चवदार तळ्यापासून एसटी स्टँडपर्यंत जो भेटेल त्याला थांबवलं. "बबनची पोरगी बंगळुरूला चालली! निबंध कुणाचा? छे, माझ्या तोंडानं कशाला सांगू?" आणि सांगितलं.

संध्याकाळी बबनचा फोन.

"बाई, उद्या येतो कोंबडा न्यायला."

"कुठला कोंबडा?"

"वाघजाईचा! नवस बोललोय न्हवं, पोरीचं झालं की लाल कोंबडा देईन म्हणून. म्हणून तर तुमच्याकडं जपायला ठेवला. कसा हाय आमचा राजा?"

मी काय सांगणार? म्हटलं, "छान आहे. अगदी शांत झालाय."

बघा म्हणजे, ह्या एका माणसानं जन्मात एकदाच जे होतं ते सरळ सांगितलं, आणि मी त्याचं निमित्त समजले. देवीचा नवस मी वड्यांबरोबर खाल्ला होता!

सकाळी उजाडायच्या आत ह्यांना बाजारात पिटाळलं. लाल कोंबडा आणला. लाल होता एवढंच. तुरा एका डोळ्यावर पडलेला, चेहरा उधारी मागायला आल्यासारखा. बबन आला आणि त्याच्याकडे बघतच राहिला.

"बाई, लई बारीक झाला."

"शहरात अन्न जात नाही त्याला."

"आणि पायाला एक काळं नख होतं."

"मी कापलं."

नख कापलं! कोंबड्याचं! इतकी वर्षं पोरांच्या थापा पकडल्या आणि स्वतःला धड एक थाप मारता येऊ नये?

बबनच्या आग्रहानं आम्ही दोघंही वाडीवर गेलो. तिथली पद्धत अशी, की गुरव कोंबड्यापुढे तांदूळ टाकतो. कोंबड्यानं दाणे टिपले की देवीला नवस मान्य. गुरवानं तांदूळ टाकले. आमचं ध्यान ढिम्म. पुन्हा टाकले. ध्यानानं मान फिरवली.

गुरव म्हणाला, "कायतरी खोटं हाय. ज्याचं असंल त्यानं बोलावं."

मी देवळाचं छप्पर बघू लागले. आणि बबनचा चेहरा एकदम उतरला.

"निबंध!" तो म्हणाला. "बाई, तो तुमी लिवलात. पोरीचा नाय. वाघजाई आईला तेच खपलं नाय. सायली, फोन लाव गो. सांग त्यांना, शीट नको."

"बबन, वेडा आहेस का?"

"नाय बाई. खोट्याचं नको आपल्याला. पनवेलचं दुकान बरं." सायली बापाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

एकीकडे पोरीचं आयुष्य, दुसरीकडे माझी अब्रू. आणि खोटं कशाला बोलू, मेलं, क्षणभर मी तोलून बघितलं! मग तिनं खिशातून फोन काढला आणि मला राहवेना.

"निबंधाचं काही नाही!" मी ओरडले. "हा कोंबडाच तो नाही! तुझा कोंबडा मी खाल्ला!"

देवळातली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"वड्यांबरोबर," ह्यांनी भर घातली.

बबननं तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हणाला, "म्हंजे रानमांजर महाडातच होतं म्हणायचं!" आणि अख्खी वाडी हसायला लागली. मग तो गंभीर झाला. "पण बाई, निबंध तरी तुमचाच ना?"

"नाय बाबा," सायली म्हणाली. "बाईंचा मी पाठवलाच नाय. माझा मी लिवला."

आता तोंड उघडायची पाळी माझी. "कशावर लिहिलास?"

"ओढाताणीवरच. सोमवारी पिसं दिसली न्हवं. बाबांना सांगितलं तर ते खचतील, म्हणतील नवस मोडला. नाय सांगितलं तर मी खोटी. आणि तुमचा निबंध पाठवला तरी मी खोटी. तेच सगळं लिवलं."

तिनं फोनवर तो निबंध उघडून माझ्या हातात दिला. मी वाचलं. व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या. माझी मात्र एकही चूक तिनं सोडली नव्हती. पैसे न घेण्याचं तत्त्व होतं, तांदूळ होते, फणस होता, वासरूही होतं. 'अरे कशाला, कशाला' सुद्धा होतं, इंग्रजीत! म्हणजे मी महाडभर ज्या निबंधाची शेखी मिरवत होते, तो माझाच होता. फक्त मी लिहिलेला नव्हता, त्यात मी होते.

एवढ्यात गुरव ओरडला, "घेतला! आईनं घेतला!" आम्ही सगळे बोलण्यात गुंतलो होतो, आणि कोंबड्यानं दाणा न् दाणा टिपला होता.

बबननं हात जोडले. सायलीची सीट राहिली. मला रडू आलं, आणि ते खरं होतं.

पण पोरगी अजून माझ्याजवळच घुटमळत होती. "बाई, मुलाखतीत त्या सरांनी विचारलं होतं, तुमच्या बाईंनी कबूल केलं का? मी म्हटलं, अजून नाय. ते म्हणाले, करतील तेव्हा कळव." तिनं फोन पुढे केला. "'बाईंनी कोंबडा खाल्ल्याचं कबूल केलं' हे इंग्रजीत नीट कसं लिवायचं?"

काय करता? विद्यादान! देवळाच्या पायरीवर बसून मी ते वाक्य तिला सांगितलं. शुद्ध, सोपं, एकही चूक नाही. आजवर लिहून दिलेल्या सगळ्या निबंधांत तेवढं एकच वाक्य खरं असेल.

दुपारी पंगत बसली. बबन स्वतः प्रसादाचा रस्सा घेऊन वाढायला आला. "बाई, घ्या. लाजू नका."

"अरे कशाला, कशाला," मी म्हटलं.

"घ्या हो बाई!"

"नको रे बबन," मी पानावर हात आडवा धरला, "माझा सोमवार आहे."

त्या दिवशी मंगळवार होता.